आरोग्याची सोबत शिकायची कुठे?

तलासरी तालुक्यातल्या उधवा, कुर्झे, सूत्रकार अशा एखाद्या गावात पाड्यावरची आशाताई सकाळी घराबाहेर पडते, तेव्हा तिच्या पिशवीत बाळ तोलायचा काटा, थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, लोहाच्या गोळ्या आणि एक जाड नोंदवही असते. पहिल्या घरी ओली बाळंतीण आहे. बाळ अंगावर नीट ओढतं का, त्याचे हातपाय गार पडलेत का, हे ती पाहते. दुसऱ्या घरी क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडलेला माणूस आहे. त्याच्यापाशी बोलत बसते. तिसऱ्या घरी सासू सांगते, सून कामावर गेली, सांजेला ये. ती सांजेला परत जाते. कुणाचं जेवण तुटलंय, कुणाचा नवरा पिऊन मारतो, कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही, वीटभट्टीवाल्याची उचल कुणाची फिटलेली नाही, हे सगळं तिला ठाऊक असतं, कारण तीही त्याच पाड्यावर राहते.

मुंबई-पुण्यात याच्याशी बरंच मिळतंजुळतं काम करायला निघालेल्या माणसाला होलिस्टिक हेल्थ कोच म्हणतात. आहार, झोप, व्यायाम, मनावरचा ताण, घरातली नाती या सगळ्यांचा एकत्र विचार करून माणसाला आरोग्याच्या वाटेवर सोबत करणारा, अशी त्याची ओळख करून दिली जाते. काही महिन्यांचा अभ्यासक्रम, बहुतेक ऑनलाइन, शेवटी प्रमाणपत्र, आणि मग महिन्याच्या शुल्कावर घेतलेले ग्राहक.

या व्यवसायाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला त्यांचं पटत नाही. मधुमेह, रक्तदाब, निद्रानाश ही दुखणी डॉक्टरांच्या खोलीतल्या पाच मिनिटांत आवरत नाहीत. ती माणसाच्या स्वयंपाकघरात, कामाच्या वेळांत, घरातल्या बोलाचालीत मुक्काम करतात. गोळी लिहून देणं सोपं. ती रोज, दहा वर्षं घेतली जाईल असं बघणं अवघड. २०१८-१९ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि ऋजुता दिवेकर यांच्या आहारपद्धतींवरून मराठी घराघरांत वाद झडले, दोनदाच जेवावं की थोडं थोडं अनेकदा खावं यावरून जेवणाच्या टेबलावर पक्ष पडले. त्या वादात कोण बरोबर हा आजचा विषय नाही. लोकांना आपल्या रोजच्या जगण्याबद्दल कुणाशी तरी बोलायचं आहे आणि तसा माणूस त्यांना सापडत नाही, हे त्यातून लख्ख दिसलं. ही गरज खरी आहे. प्रश्न आहे तो हे काम करणाऱ्याने शिकायचं कुठे आणि कुणाकडून हा. माझं म्हणणं असं की महाराष्ट्रात याचं सगळ्यात कसदार ज्ञान डहाणू-तलासरीसारख्या भागात साठलेलं आहे, आणि शहरातल्या अभ्यासक्रमांनी तिकडे अजून ढुंकून पाहिलेलं नाही.

कोसबाडपासून सुरुवात करू. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच वस्तीच्या अंगणात गेली, आणि अंगणवाडी हे नाव त्यातून जन्मलं. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत हललं. तिथे ध्यानात आलं की मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण धाकटं भावंड तिच्या कडेवर असतं आणि आईबाप मजुरीला गेलेले असतात. आता या मुलीला शिक्षणाचं महत्त्व कितीही पटवलं तरी काय उपयोग होता? विकासवाडी नावाच्या या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली गेली. कडेवरचं मूल पाळणाघरात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणावर गेले, ती कुरणशाळा. मुलाचं नाक पुसणं, नखं काढणं, अंघोळ घालणं हेही शिक्षणातच धरलं गेलं.

मला हा समग्र विचाराचा अव्वल नमुना वाटतो. मुलीला सल्ला देऊन तिच्यावर जबाबदारी टाकण्याआधी तिच्या कडेवरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतलं. आजच्या आरोग्य सल्लागाराच्या प्रशिक्षणात हा धडा सहसा सापडत नाही. तिथे अडथळा म्हणजे मनातला अडथळा, आणि उपाय म्हणजे निर्धार. आपल्या ग्राहकाच्या कडेवर काय आहे, हे विचारायला तो विद्यार्थी शिकतच नाही. १९७५ मध्ये देशभर एकात्मिक बालविकास योजना आली, तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज मुंबईतल्या उंच इमारतींमधल्या वेलनेस वर्गांना या परंपरेची आठवण नसावी, हे मला फार खटकतं, कारण ती परंपरा त्याच लोकल मार्गावर उत्तरेला उभी आहे.

पण तलासरीच्या आरोग्याचा इतिहास लिहायला घेतला तर पहिली नोंद मी कोसबाडचीही करणार नाही. ती झरीची करीन. २३ मे १९४५ ला आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेच्या पुढाकाराने वारली आदिवासींची परिषद भरली. सुमारे पाच हजार माणसं जमली. वेठ करायची नाही, मजुरीशिवाय सावकार-जमीनदाराच्या शेतावर राबायचं नाही, असं तिथे ठरलं. त्याआधी लग्नासाठी घेतलेल्या चार पैशांच्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही धन्याच्या घरी लग्नगडी म्हणून जन्मभर खपत असत. त्या माणसाच्या ताटात काय पडणार, त्याची बायको बाळंतपणात किती दिवस विसावणार, त्याला रात्री झोप कशी लागणार? वेठ मोडल्याने वारल्याच्या शरीराला जे मिळालं ते कुठल्याही औषधाने मिळालं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेची १९४८ ची व्याख्या आरोग्यात शरीर, मन आणि सामाजिक स्वास्थ्य अशी तिन्ही अंगं धरते. आपल्याकडच्या कोचिंगच्या वर्गांत पहिली दोन अंगं शिकवली जातात. तिसरं अंग शिकायचं तर झरीला जावं लागतं.

यावर शहरातला सल्लागार म्हणेल, हे राजकारण झालं, माझं काम ताट, झोप आणि श्वास यांच्यापुरतं. ठीक आहे, मग ताटाचंच बघू.

२०२३ हे जागतिक भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, आणि तेव्हापासून नाचणी शहरात प्रतिष्ठित झाली. ते योग्यच आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नसतं. वारली घरात तिला नागली म्हणतात, तिची भाकरी आणि आंबील पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मग आज त्याच घरात रेशनचा तांदूळ का शिजतो? नागली आणि वरई उताराच्या वरकस जमिनीवर होतात. त्या जमिनीचा मोठा भाग वनखात्याच्या नकाशात गेला, तिथे पेरणी म्हणजे अतिक्रमण ठरलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने दावे करता येऊ लागले, पण दावा मंजूर होणं, मोजणी होणं, सातबाऱ्याशी त्याचा मेळ बसणं ही वर्षानुवर्षांची वणवण आहे. त्यात माणसं उंबरगावच्या, सरीगामच्या, वापीच्या कंपन्यांत जातात, बायका डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत जातात. नागलीची रोपं लावायची, निंदायची, कणसं खुडायची, झोडायची, हे हात कुठून आणायचे? अशा घरात जाऊन नाचणी खा असं सांगणाऱ्याने वनहक्काच्या दाव्याचा कागद वाचता यायला हवा. निदान तो कुणाकडे न्यायचा हे माहीत असायला हवं. ज्याला हे शिकवलेलं नाही त्याला आहाराचं अर्धंच शिक्षण मिळालेलं आहे.

आणि उलट दिशेनेही पाहायला हवं. तिथल्या बाईला आहारातलं जे कळतं ते प्रमाणपत्रधारकाला कळत नाही. पहिल्या पावसात येणारी शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडं घालायची. कडुकंद चिरून, उकळून, पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा आणि विखार काढायचा. टाकळा कोवळा असतानाच खुडायचा. ओढ्यातल्या खेकड्याचा रस्सा अंगात ताकद नसलेल्याला द्यायचा. उन्हाळ्यात सुकट आणि बोंबील साठवायचे. पावसाळ्याचे जे महिने कणगी रिकामी असल्यामुळे ओढग्रस्तीचे, त्याच महिन्यांत रान भाजी देतं, हा हिशेब तिच्या हातात आहे. तिला आहार शिकवायला जाणाऱ्याने आधी एक पावसाळा तिच्याबरोबर रानात फिरावं. तरीही एवढं रानज्ञान असलेल्या मुलखात मुलं कुपोषणाने गेली आहेत. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तो हाच परिसर. तेव्हा हे सगळं ठाणे जिल्ह्यात होतं, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. ज्ञान असून पोट रिकामं राहू शकतं. म्हणून पाड्यावर दंडाचा घेर मोजायची पट्टी लागते, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आकडा गेला की मूल अतितीव्र कुपोषित धरून तातडीने हालचाल करावी लागते. गरोदर आणि स्तनदा बाईला एक वेळचं गरम चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना लागते, जी राज्याने २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी सुरू केली. सल्ल्याने भूक भागत नाही हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

झोपेचं आणि मनाचं बघू. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या थंडीत धुंदलवाडी आणि आसपासची कुटुंबं रात्री घरं सोडून तंबूत, उघड्यावर झोपली. भिंती तडकलेल्या, मुलं दचकून उठणारी. त्या महिन्यांत झोपेबद्दलचा कुठलाही सल्ला घराच्या भिंतीच्या मजबुतीपासून सुरू व्हायला हवा होता.

दुसरं उदाहरण जास्त दुखरं आहे. या भागातले तरुण गुजरातच्या बंदरांवर मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट समुद्रातल्या न दिसणाऱ्या हद्दीपलीकडे गेली की पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा ती पकडते, आणि माणूस कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतो. घरी त्याची बायको असते, आईबाप असतात, चूल पेटवायला पैसा नसतो. तिला झोप येत नाही, छातीत धडधडतं, जेवण जात नाही. दीर्घ श्वसनाने तिला घटकाभर बरं वाटेल. तेही शिकवावं, मी त्याला कमी लेखत नाही. पण भारत आणि पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला परस्परांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, आणि त्या यादीत आपल्या माणसाचं नाव आहे का हे शोधायला कुणीतरी तिला मदत करू शकतं. ही माहिती तिच्या झोपेच्या उपचाराचाच भाग आहे. तिच्याजवळ बसणाऱ्याला ती असायला हवी.

आता भगताबद्दल बोलायला हवं, कारण त्याच्याविना इथल्या आरोग्याचं चित्र अर्धं राहतं. शिकलेल्या माणसाला भगत म्हटलं की एकतर चीड येते, नाहीतर एकदम भाबडं प्रेम. मला दोन्ही धोक्याची वाटतात. तांदळाचे दाणे टाकून पाहणारा भगत रुग्णाला वेळ देतो. घरात कुणाशी भांडण झालं, कुणाचं देणं राहिलं, कुलदैवताचं काय चुकलं, हे तो विचारतो, आणि सगळ्या घराला एकत्र बसवतो. ज्याला शहरात मोठ्या शुल्कावर समग्र सल्ला म्हणतात, त्यातलं ऐकण्याचं कसब त्याच्यापाशी आहे. पाड्यावरचा माणूस त्याच्याकडे जातो ते निव्वळ अज्ञानाने जातो, असं म्हणणं हा त्या माणसाचा अपमान आहे. सरकारी दवाखान्यात त्याच्याशी कुणी नीट बोलत नाही, हेही त्यामागचं एक कारण आहे.

पण साप चावला की हेच कसब जीव घेतं. मण्यार चावल्यावर दुखत नाही, सूज येत नाही. माणूस पहाटे पापण्या जड झाल्याची तक्रार करतो, मग श्वास थांबतो. त्या वेळात मंत्र म्हणणं म्हणजे प्रतिविषाचा वेळ खाणं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवला. कायदा हवाच होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतल्या प्रजनन आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी डहाणू तालुक्यात त्याच्या पुढचं काम केलं. सर्पदंशाबद्दल आदिवासी कुटुंबांना, आशांना, डॉक्टरांना, सर्पमित्रांना आणि भगतांनाही काय माहीत आहे, काय वाटतं, हे त्यांनी विचारून घेतलं, आणि त्यावर प्रशिक्षण बेतलं. सुरक्षेसाठी हा रस्ता मला योग्य वाटतो. भगताला पाड्याबाहेर काढता येत नाही. कुठल्या क्षणी हात मागे घ्यायचा आणि गाडी बोलवायची, हे त्याला शिकवता येतं.

हेच शहरातल्या हेल्थ कोचला लागू आहे, आणि इथे माझा सूर थोडा कडक आहे. भारतात २०२१ च्या कायद्याने आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट अशा अनेक व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग झाला. हेल्थ कोच म्हणून पाटी लावायला मात्र कसलीही वैधानिक नोंदणी लागत नाही. अमेरिकेतसुद्धा या क्षेत्रातली राष्ट्रीय परीक्षा २०१७ मध्ये आली. म्हणजे इन्शुलिन बंद करा, थायरॉइडची गोळी सोडा असं सांगणाऱ्याला आज अडवणारं कुणी नाही. १९५४ चा चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे, पण तो जाहिरातीला लागतो, खाजगी बोलण्यात दिलेल्या सल्ल्याला फारसा पोचत नाही. आहाराने आणि मनःशांतीने सगळं बरं होतं असा दावा करून एखाद्याची गोळी सोडवणारा सुशिक्षित सल्लागार आणि मण्यारीच्या विषावर मंत्र म्हणणारा भगत यांच्यात मला नैतिक फरक दिसत नाही. भगताला निदान शिकायची संधी मिळालेली नव्हती.

मग प्रशिक्षण कसं असावं? महाराष्ट्राने आणि देशाने याचे पुष्कळ प्रयोग केले आहेत, चुकीचेही आणि थोर म्हणावेत असेही. २ ऑक्टोबर १९७७ ला केंद्र सरकारने दर हजार वस्तीला एक आरोग्य कार्यकर्ता नेमायची योजना आणली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिन्याला पन्नास रुपये. बहुतेक ठिकाणी पुरुष निवडले गेले, एकदा शिकवून सोडून दिलं गेलं, आणि योजना विरत गेली. त्याच दशकात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेगळं काहीतरी करत होते. १९७० मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या प्रकल्पात गावातल्या बायका, पुष्कळशा दलित आणि निरक्षर, आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, आठवडाभरात काय पाहिलं ते सांगत, त्यातून नवं शिकत, आणि परत जात. शिकणं संपतच नसे. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत घडवले. नवजात बाळाचा श्वास गुदमरला तर काय करायचं, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन कसं द्यायचं, हे गावातल्या कमी शिकलेल्या बायका शिकल्या आणि करू लागल्या. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ मध्ये लॅन्सेटने तो निबंध छापला. पुढे देशभरच्या आशांच्या गृहभेटींचा कार्यक्रम या कामावर उभा राहिला. डहाणूत कष्टकरी संघटना आणि सेहत ही संस्था यांनी १९९० च्या दशकात आरोग्य साथी घडवले. सुई आणि बाटली, म्हणजे इंजेक्शन आणि सलाईन, कधी लागते आणि कधी नुसती पैसे काढायला लावली जाते, हे लोकांना उमगावं हा त्या कामाचा एक धागा होता.

या सगळ्यांत सामाईक काय आहे? कार्यकर्ती त्याच वस्तीतली. शिकणं सतत, हातात रुग्ण असताना. आणि मागे एक रुग्णालय किंवा संघटना, जिच्याकडे ती अडल्यावर जाऊ शकते. शहरातल्या हेल्थ कोचकडे यातलं एकही नसतं. तो एकटा शिकतो, एकटा बसतो, ग्राहकाची प्रकृती ढासळली तर कुणाकडे पाठवायचं हे त्याचं त्याने ठरवायचं. ही त्याच्यावरही अन्यायाची गोष्ट आहे.

याचा अर्थ आशाताईला शहराकडून काही शिकायचं नाही असा मुळीच नाही. मघाचा क्षयाचा रुग्ण आठवा. सहा महिन्यांच्या उपचारातले दोन झाले की खोकला थांबतो, भूक लागते, आणि माणूस बरा झालो म्हणून गोळ्या सोडतो. त्याला रागावून, भीती घालून फारसं साधत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनाच्या उपचारातून बोलण्याची एक पद्धत मांडली; सल्ला कमी, प्रश्न जास्त, आणि बदलण्याचं कारण त्या माणसाच्याच तोंडून येऊ द्यायचं. चांगल्या कोचिंगच्या वर्गात हे नीट, सरावाने शिकवतात. पुष्कळ आशाताईंना ते उपजत जमतं, पण सरकारी प्रशिक्षणात त्याला जागा थोडी. तिचा वेळ तक्ते भरण्यात जातो. तिचा मोबदला कामागणिक ठरतो: बेचाळीस दिवसांत बाळाच्या घरी सहा भेटी झाल्या की २५० रुपये. दारुड्या नवऱ्याच्या बायकोजवळ तासभर बसल्याचा रकाना त्या वहीत नाही. २००५ पासून तिला स्वयंसेविका म्हटलं जातं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. आणि २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावं लागलं, तेव्हा कुठे मार्च २०२४ मध्ये मासिक मानधनात ५,००० रुपयांची वाढ मंजूर झाली. पूर्ण वेळ काम घ्यायचं आणि स्वेच्छेचं म्हणायचं, हा प्रकार थांबला पाहिजे.

एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. शहरातल्या ग्राहकाला पोटभर आहे, पक्कं घर आहे. त्याच्या सल्लागाराने झरी आणि वनहक्क कशाला शिकायचा? त्याचं उत्तर त्या शहरातच आहे. रात्रपाळीत संगणकासमोर बसणारा मुलगा, दहा मिनिटांत पार्सल पोचवायला धावणारा, सगळ्यांना वाढून उरलं तर जेवणारी गृहिणी, घराच्या हप्त्यापायी नोकरी सोडू न शकणारा चाळिशीचा माणूस, यांच्याही कडेवर काहीतरी आहे. त्यांना वेळेवर झोपा आणि ताण घेऊ नका म्हणणं पाड्यावरच्या बाईला नागली खा म्हणण्याइतकंच तोकडं आहे. तलासरीत हे उघडं दिसतं, कारण तिथे झाकायला काही नाही. म्हणूनच ती शिकण्याची जागा आहे.

तर माझी मागणी नेमकी आहे. ज्याला स्वतःला समग्र आरोग्य मार्गदर्शक म्हणवून घ्यायचं आहे, त्याच्या अभ्यासक्रमातले निदान दोन महिने अशा तालुक्यात जावेत, त्यातला एक पावसाळ्यातला, जेव्हा साप निघतात, घरातलं धान्य संपतं आणि रस्ते तुटतात. दिवाळीनंतर पाडा वीटभट्टीवर कामाला गेल्यावर जी म्हातारीकोतारी मागे राहतात, त्यांच्याकडेही त्याने जावं. सिकलसेल या आनुवंशिक आजाराचा वाहक म्हणजे काय, दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची चारांत एक शक्यता कशी येते, हे त्याला वधूवरांच्या आईबापांना साध्या बोलीत सांगता यावं. कुठली सहा-सात लक्षणं दिसली की सल्ला बंद करून रुग्णाला ग्रामीण रुग्णालयात, आणि तिथून गरज पडली तर सिल्व्हासा किंवा वलसाडला न्यायचं, हे त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता यावं. हे न जमल्यास प्रमाणपत्र नाही.

शिकवायला कोण? अर्थात तिथल्या अनुभवी आशा आणि अंगणवाडी सेविका. त्यांनी शिकवण्याच्या दिवसांचं त्यांना शिक्षकाचं वेतन मिळावं, आणि त्या बदल्यात विद्यार्थ्यांनी बोलण्या-ऐकण्याच्या पद्धतींची कार्यशाळा त्यांच्यासाठी त्यांच्या सोयीच्या वेळी घ्यावी. शहरात या अभ्यासक्रमांचं शुल्क हजारांच्या, कधी लाखाच्या घरात असतं, त्यामुळे पैसा नाही ही सबब इथे चालणार नाही. त्या शुल्काचा ठरावीक हिस्सा थेट या शिक्षिकांच्या बँक खात्यात जावा, तोही तुकडी तलासरीत उतरण्याच्या आधी.